संचालक मंडळावर महिला किती? मोजायला बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

‘भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांवर महिलांचं प्रमाण किती?’ असं कुणी विचारलं तर आधी तीन उलट प्रश्न करावेत. कुठल्या कंपन्या? कुठल्या तारखेला? आणि मोजायचं काय, माणसं की खुर्च्या? हे ठरवल्याशिवाय काढलेली टक्केवारी मथळ्याला शोभते, अभ्यासाच्या कामाची नसते. दोघांनी त्याच शंभर कंपन्या घेतल्या आणि दोघांचं उत्तर वेगळं आलं, तर दोघांपैकी कुणी खोटं बोलतं असं नाही. बहुतेक वेळा एकाने 31 मार्चची यादी घेतलेली असते आणि दुसऱ्याने ऑगस्टमध्ये छापलेल्या अहवालाचं पहिलं पान.

वाणिज्य, व्यवस्थापन, कायदा किंवा स्त्री-अभ्यास शिकणारे विद्यार्थी आणि या विषयावर पहिल्यांदाच लिहिणारे पत्रकार यांना नजरेसमोर ठेवून पुढची पद्धत मांडली आहे. महागडा डेटाबेस हाताशी नसला तरी काम अडत नाही. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांपुरती लागणारी जवळजवळ सगळी माहिती सार्वजनिक आहे आणि फुकट मिळते. लागतो तो वेळ आणि नोंदी करण्याची शिस्त.

आधी कायदा, मग आकडे

कंपनी कायदा 2013 च्या कलम 149(1) च्या दुसऱ्या परंतुकानुसार ठराविक वर्गातल्या कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमावी लागते. हे वर्ग कुठले, ते 2014 च्या संचालक नेमणूक नियमांमधल्या नियम 3 मध्ये दिलं आहे. प्रत्येक लिस्टेड कंपनी त्यात येते. शिवाय 100 कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेलं भागभांडवल, अथवा 300 कोटी रुपये किंवा अधिक उलाढाल असलेली प्रत्येक बिगर-लिस्टेड पब्लिक कंपनीही येते. जागा रिकामी झाली तर ती पुढच्या मंडळ बैठकीपर्यंत किंवा तीन महिन्यांत, यांतलं जे उशिरा असेल तोवर भरायची असते. म्हणजे एखाद्या तारखेला मंडळावर एकही महिला दिसली नाही, तरी कंपनीने कायदा मोडला असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. आधीची महिला संचालक कधी गेली ते पाहावं लागतं.

दुसरा थर सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेचा. लिस्टेड कंपन्यांना महिला संचालक नेमण्यासाठी सेबीने 1 ऑक्टोबर 2014 ही मुदत दिली होती, ती पुढे 1 एप्रिल 2015 पर्यंत वाढवली. त्यामुळे 2015 च्या पहिल्या तिमाहीत नेमणुकांचा उंचवटा दिसतो, मार्चच्या अखेरच्या दिवसांत तर झुंबडच. ऑक्टोबर 2017 मध्ये, कंपन्यांच्या कारभाराबाबत सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीचा अहवाल आला आणि 2018 मध्ये सेबीने लिस्टेड कंपन्यांसाठीच्या एलओडीआर नियमावलीच्या नियम 17 मध्ये दुरुस्ती केली. बाजारमूल्याने पहिल्या 500 कंपन्यांना 1 एप्रिल 2019 पासून आणि पहिल्या 1000 कंपन्यांना 1 एप्रिल 2020 पासून किमान एक *स्वतंत्र* महिला संचालक बंधनकारक झाली.

‘स्वतंत्र’ या एका शब्दाने बरंच काही बदललं. 2015 ची अट प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनी उभारणाऱ्या किंवा तिच्यावर ताबा असणाऱ्यांच्या, घरातल्या व्यक्तीला मंडळावर बसवूनही पूर्ण होत होती. 2019 पासून मोठ्या कंपन्यांना तेवढ्यावर भागेना, कारण प्रवर्तकांशी किंवा संचालकांशी नातं असलेल्या व्यक्तीला कलम 149(6) प्रमाणे स्वतंत्र संचालक होता येत नाही. तुमच्या अभ्यासाचा कालखंड या दोन्ही तारखा ओलांडत असेल तर आलेखावर दोन्हीकडे उभी रेघ मारा. नाहीतर कायद्याने घडवलेला बदल कंपन्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणून खपून जाईल.

इथे एक सापळा आहे. भागभांडवल 10 कोटींपर्यंत आणि नक्त मालमत्ता 25 कोटींपर्यंत असलेल्या लिस्टेड कंपन्यांना, तसंच शेअर बाजाराच्या एसएमई (लघु-मध्यम उद्योग) मंचावरच्या कंपन्यांना नियम 17 मधून सूट आहे. त्या कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा, म्हणजे कंपनीच्या कारभाराचा, तिमाही अहवाल भरत नाहीत. तो सापडला नाही म्हणून नवखा अभ्यासक ‘शून्य महिला’ लिहून मोकळा होतो. सेबीची सूट असली तरी कंपनी कायद्याची अट लिस्टेड कंपनीला लागूच राहते. माहिती न मिळणं वेगळं आणि शून्य असणं वेगळं. तक्त्यात या दोन्हींसाठी वेगळी चिन्हं ठेवा.

प्रश्न लहान करा

‘महिलांचं प्रतिनिधित्व’ हा विषय झाला. त्यातून मोजता येईल असा प्रश्न काढावा लागतो. आमच्या मते सुरुवात करणाऱ्यासाठी सगळ्यांत कसदार प्रश्न हा: *किती मंडळांवर बरोबर एकच महिला आहे?* कायद्याने ‘किमान एक’ म्हटलं. तो ‘किमान’ अनेक ठिकाणी ‘पुरे’ होऊन बसला आहे का, हे सरासरी टक्केवारीतून कळत नाही. शून्य, एक, दोन, तीन आणि त्याहून जास्त अशी विभागणी केली की कळतं. तीन महिला असल्या की मंडळातली चर्चा बदलते, एकटी असली की ती ‘महिलांची प्रतिनिधी’ म्हणूनच पाहिली जाते, अशी मांडणी या क्षेत्रातल्या संशोधनात बऱ्याच काळापासून आहे. म्हणून तीनचा टप्पा वेगळा दाखवणं उपयोगाचं.

दुसरे चांगले प्रश्न: कार्यकारी जागांवर, म्हणजे व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक म्हणून किती महिला आहेत? लेखापरीक्षण समितीचं अध्यक्षपद किती जणींकडे? महिला संचालक सरासरी किती वर्षं टिकतात, आणि त्यांच्या जागी पुन्हा महिलाच येते की जागा पुरुषाकडे जाते? पहिल्या अभ्यासात यांपैकी एक घ्या, फार तर दोन.

कंपन्यांची यादी

पन्नास ते शंभर कंपन्या आणि एक ते तीन वर्षं, एवढा आवाका एका माणसाला पुरतो. एका मंडळावर साधारण दहा संचालक धरले तर शंभर कंपन्यांच्या एका वर्षाच्या हजारेक ओळी होतात. सराव नसताना एका कंपनीच्या एका वर्षाला पाऊण तास धरा, हात बसल्यावर पंधरा-वीस मिनिटं.

यादी ज्या वर्षाची माहिती हवी त्याच वर्षाची घ्या. निफ्टी 50, निफ्टी 500 हे निर्देशांक वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस बदलतात. आजची यादी घेऊन 2014 कडे मागे गेलात, तर दरम्यान बुडालेल्या, विलीन झालेल्या आणि घसरलेल्या कंपन्या आपोआप गळतात. उरतात त्या टिकलेल्या आणि वाढलेल्या, आणि चित्र आहे त्यापेक्षा बरं दिसू लागतं. बाजारमूल्यानुसार कंपन्यांची क्रमवारी शेअर बाजार प्रसिद्ध करतात. पूर्वी ती 31 मार्चच्या बाजारमूल्यावर ठरायची. डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीनंतर जुलै ते डिसेंबर या सहा महिन्यांच्या सरासरीवर ठरते. म्हणून ‘पहिल्या 1000’ म्हणताना कुठल्या तारखेचे पहिले 1000, ते लिहाच.

सरकारी कंपन्यांना वेगळं चिन्ह द्या. त्यांच्या संचालकांच्या नेमणुका संबंधित मंत्रालयाच्या हातात असतात, आणि स्वतंत्र किंवा महिला संचालकाची जागा रिकामी राहिल्याबद्दल शेअर बाजारांनी अशा कंपन्यांना दंड लावल्याची उदाहरणं कमी नाहीत. नियम 17(1) मोडला तर दंड रोजचा 5,000 रुपये. खासगी कंपनीत जागा रिकामी राहण्याचं कारण आणि सरकारी कंपनीतलं कारण एक नसतं. दोन्ही एकाच सरासरीत टाकलीत तर दोन्हींबद्दल चुकीचं बोलाल.

महाराष्ट्र किंवा गोव्यातल्या कंपन्या वेगळ्या काढायच्या असतील तर कंपनीचा 21 अंकाक्षरी सीआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीतला ओळख क्रमांक, पाहा. पहिलं अक्षर एल असेल तर लिस्टेड, यू असेल तर नाही. पुढे उद्योगाचे पाच अंक, मग राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्राला एमएच, गोव्याला जीए), नोंदणीचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा अंकी नोंदणी क्रमांक. मात्र राज्याची अक्षरं नोंदणीकृत कार्यालय कुठे आहे तेवढंच सांगतात. कार्यालय मुंबईत आणि सगळे कारखाने गुजरातेत किंवा तमिळनाडूत, अशा कंपन्या भरपूर आहेत. ‘महाराष्ट्रातल्या कंपन्या’ म्हणण्याऐवजी ‘महाराष्ट्रात नोंदणीकृत कंपन्या’ म्हणा.

सीआयएन कायमचा नसतो. कंपनी लिस्ट झाली, राज्य बदललं की तोही बदलतो. शेअरच्या दर्शनी मूल्याचं विभाजन झालं की आयएसआयएन, म्हणजे शेअरचा ओळख क्रमांक, बदलतो. म्हणून प्रत्येक कंपनीला आपला स्वतःचा अनुक्रमांक द्या आणि बीएसईचा सहा अंकी कोड, एनएसईचं चिन्ह, सीआयएन हे सगळं त्याच्यासमोर नोंदवा.

तीन तक्ते, एक नाही

सगळं एकाच एक्सेल पानावर भरण्याचा मोह आवरा. तीन पानं करा.

पहिलं *कंपन्यांचं*: आपला अनुक्रमांक, नाव, कोड, उद्योग, सरकारी की खासगी, राज्य.

दुसरं *व्यक्तींचं*: डिन (संचालकाचा ओळख क्रमांक), नाव, लिंग, लिंग कशावरून ठरवलं. एवढंच.

तिसरं *पदांचं*, आणि खरं काम याच पानावर होतं: कंपनीचा अनुक्रमांक, डिन, कुठल्या तारखेची नोंद, पदाचा प्रकार (कार्यकारी, गैर-कार्यकारी, स्वतंत्र, किंवा बँक, गुंतवणूकदार वगैरेंनी पाठवलेला नॉमिनी), अध्यक्ष आहे का, पहिल्या नेमणुकीची तारीख, पद सोडल्याची तारीख, समित्या, प्रवर्तक कुटुंबाशी नातं, माहितीचा स्रोत, पान क्रमांक.

एक व्यक्ती चार कंपन्यांवर असेल तर दुसऱ्या पानावर तिची एक ओळ आणि तिसऱ्यावर चार ओळी. ‘खुर्च्या किती’ हे तिसऱ्या पानावरून मोजायचं आणि ‘माणसं किती’ हे दुसऱ्यावरून. पुरुष असो वा महिला, एका व्यक्तीला जास्तीत जास्त सात लिस्टेड कंपन्यांवर संचालक राहता येतं. त्यामुळे ‘शंभर महिला संचालकपदं’ म्हणजे ‘शंभर महिला संचालक’ नव्हे. आलेल्या-गेलेल्यांच्या बातम्यांत ही गफलत सर्रास दिसते.

डिन म्हणजे संचालकाचा आठ अंकी ओळख क्रमांक. एका व्यक्तीला एकच डिन मिळतो आणि तो जन्मभर राहतो. परदेशी संचालकालाही तो घ्यावाच लागतो. या अभ्यासाचा कणा डिन आहे, नाव नाही. आणि इथेच एक्सेल दगा देतं. जुने डिन बऱ्याचदा शून्यांनी सुरू होतात. 00012345 असा क्रमांक चिकटवला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचे तीन शून्य खाऊन 12345 ठेवतं. पुढे दुसऱ्या फाइलशी जुळवताना ती व्यक्ती सापडत नाही आणि तक्त्यात तिची दोन माणसं होतात. म्हणून माहिती चिकटवण्याआधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करून ठेवा. शून्य आधीच गेले असतील तर ‘टेक्स्ट’ सूत्राने आठ अंक परत आणा. नुसतं सेलचं स्वरूप बदलून आठ अंक दिसले तरी आतली किंमत बदललेली नसते. तारखांचंही तेच. 04-05-2019 ही चार मे की पाच एप्रिल, हे तुमच्या संगणकाच्या सेटिंगवर ठरू देऊ नका. वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा.

माहिती कुठून घ्यायची

पहिला स्रोत: एलओडीआरच्या नियम 27 नुसार कंपन्या दर तिमाहीला शेअर बाजाराकडे देतात तो कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवाल. बीएसई आणि एनएसई, दोन्हींच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या पानावर तो मिळतो. डिसेंबर 2024 च्या तिमाहीपासून तो एकत्रित (इंटिग्रेटेड) फायलिंगचा भाग झाला आहे, त्यामुळे नंतरच्या तिमाहींसाठी त्या नावाखाली शोधा. मंडळाच्या रचनेच्या तक्त्यात एका संचालकाची एक आडवी ओळ असते: संबोधन (मिस्टर किंवा मिस), नाव, डिन, पदाचा प्रकार, पहिली नेमणूक, पुनर्नेमणूक, पद सोडल्याची तारीख, कार्यकाळ महिन्यांत, ही कंपनी धरून किती लिस्टेड कंपन्यांवर, किती समित्यांवर. तुमच्या तिसऱ्या पानाचे बहुतेक स्तंभ या एकाच ओळीतून भरतात. तिमाहीच्या मधेच गेलेल्या संचालकाचंही नाव या तक्त्यात राहतं. पद सोडल्याची तारीख न बघता ओळी मोजल्या की मंडळ एका माणसाने फुगतं.

दुसरा स्रोत वार्षिक अहवाल. त्यात उपस्थिती, समित्या, कौशल्यांचा तक्ता आणि संचालकांमधली परस्पर नाती सापडतात. मात्र एकाच अहवालात संचालकांच्या तीन वेगवेगळ्या याद्या असतात, हे नवख्याला ठाऊक नसतं. सुरुवातीच्या पानांवर फोटोंसह असते ती अहवाल छापायला गेला त्या दिवसाची, म्हणजे साधारण जून ते ऑगस्टची यादी. कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या प्रकरणात असते ती 31 मार्चची. आणि उपस्थितीच्या तक्त्यात वर्षभरात मंडळावर येऊन गेलेले सगळे असतात. मोजणीसाठी मधली यादी घ्या, बाकीच्या दोन पडताळणीला ठेवा. उपस्थिती नोंदवताना छेदाकडे लक्ष द्या. वर्षात सहा बैठका झाल्या आणि एक महिला संचालक ऑक्टोबरमध्ये आली, तर तिची उपस्थिती तीनपैकी तीन आहे, सहापैकी तीन नाही. ही एक चूक केली तर नव्या महिला संचालक बैठकांना दांड्या मारतात असा खोटा निष्कर्ष निघतो, कारण सक्तीच्या मुदतीआधी घाईने झालेल्या नेमणुका वर्षाच्या मध्ये किंवा शेवटीच असतात.

पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून बंधनकारक असलेल्या बीआरएसआर अहवालाच्या, म्हणजे उद्योगाची जबाबदारी आणि शाश्वतता यांवरच्या अहवालाच्या, पहिल्या विभागात मंडळावरच्या एकूण व्यक्ती, त्यांतल्या महिला आणि टक्केवारी असा छोटा तक्ता असतो. तुमची मोजणी त्याच्याशी ताडून पाहा. जुळली नाही तर आधी तारखांतला फरक शोधा.

नेमणूक आणि राजीनाम्याच्या बातम्या शेअर बाजारावर कंपनीच्या घोषणांमध्ये येतात. स्वतंत्र संचालकाने मुदतीआधी राजीनामा दिला तर कारणांसह तिचं पत्र कंपनीला जाहीर करावं लागतं. ही पत्रं जरूर वाचा. पुष्कळदा ‘वैयक्तिक कारण’ एवढंच असतं, पण ज्या पत्रात त्याहून जास्त लिहिलेलं असतं ते एकच पत्र शंभर ओळींच्या तक्त्याहून जास्त सांगून जातं.

बिगर-लिस्टेड कंपन्यांसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जावं लागतं. सध्याच्या संचालकांची माहिती तिथे फुकट दिसते, जुने विवरणपत्र पाहायला कंपनीमागे 100 रुपये शुल्क पडतं. शिवाय कुठल्या कंपनीला अट लागू आहे हे ठरवायला तिचं भांडवल आणि उलाढाल आधी शोधावी लागते. पहिल्या अभ्यासात हा गट सोडून द्यावा आणि सोडला आहे असं लिहावं.

तारीख निवडताना

आर्थिक वर्षाची अखेर म्हणून सगळे 31 मार्च घेतात. 2024 मध्ये मात्र या तारखेला मोठी खोच आहे. स्वतंत्र संचालकाला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात, आणि ही मोजणी 1 एप्रिल 2014 पासून सुरू झाली. म्हणजे जुन्या स्वतंत्र संचालकांची एक मोठी तुकडी 31 मार्च 2024 च्या आसपास बाहेर पडली. 31 मार्चच्या यादीत असलेली माणसं 1 एप्रिलला नाहीत. याच हिशेबाने 2014-15 मध्ये मुदतीआधी नेमलेल्या स्वतंत्र महिला संचालकांच्या दुसऱ्या मुदती 2024-25 मध्ये संपत गेल्या. या जागा कुणाला मिळाल्या, हा सध्याच्या घडीचा सगळ्यांत जिवंत प्रश्न आहे, आणि तो फक्त मार्चअखेरचं चित्र घेऊन सुटत नाही. मार्च आणि सप्टेंबर अशा दोन तारखा घ्या, किंवा सरळ नेमणूक आणि निवृत्तीच्या तारखांवर काम करा.

नावावरून लिंग ठरवू नका

किरण मुजुमदार-शॉ आणि किरण कर्णिक, दोघंही उद्योगजगतातली मोठी नावं. एक महिला, एक पुरुष. किरण, शशी, सुमन, कमल ही नावं आपल्याकडे दोन्हीकडे चालतात. दक्षिणेकडची, ईशान्येकडची आणि परदेशी नावं तर कानावरून मुळीच ठरवू नयेत. आधी तिमाही अहवालातलं संबोधन पाहा. तिथे डॉक्टर किंवा प्राध्यापक असं काही असेल, किंवा संबोधनच चुकल्याची शंका आली, तर वार्षिक अहवालातला परिचय वाचा. त्यातली क्रियापदं आणि सर्वनामं, सभेच्या नोटिशीतली माहिती यावरून खात्री होते. कशावरून ठरवलं ते दुसऱ्या पानावर लिहून ठेवा. नावांवरून लिंग ओळखणारी सॉफ्टवेअरं भारतीय नावांवर इतकी चुकतात की दोन टक्क्यांच्या फरकावर लेख लिहिणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

महिलांच्या बाबतीत आडनावाची अडचण वेगळीच. एका कंपनीत माहेरचं आडनाव, दुसरीत सासरचं, तिसरीत दोन्ही जोडून, चौथीत मधलं नाव वडिलांचं आणि पाचवीत नवऱ्याचं. नावावरून जुळवणाऱ्याच्या तक्त्यात अशा एका बाईच्या तीन-चार जणी होतात, पुरुषांच्या बाबतीत हे फार क्वचित घडतं. म्हणजे चूक दोन्हीकडे सारखी पडत नाही. महिलांची संख्या फुगते आणि ‘एकेक महिला किती मंडळांवर’ हा आकडा खाली येतो. डिन तेवढ्यासाठीच.

घरातली की बाहेरची

हा सगळ्यांत नाजूक भाग, आणि घाईने केला तर सगळ्यांत अन्यायाचाही. कायद्याच्या व्याख्येत ‘नातेवाईक’ म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य. वहिनी आणि मेहुणी त्यात नाहीत. आपल्याकडच्या घरात वहिनी ही घरचीच असते, कायद्याच्या यादीत ती बाहेरची. म्हणून दोन स्तंभ करा: ‘कायद्याप्रमाणे नातेवाईक’ आणि ‘कुटुंबातली व्यक्ती’. दोन्हींचे निकष आधी कागदावर लिहा, भरायला नंतर बसा.

वार्षिक अहवालात फक्त *संचालकांमधली* परस्पर नाती दिलेली असतात. प्रवर्तक स्वतः मंडळावर नसेल आणि त्याची सून असेल, तर त्या तक्त्यात नात्याचा रकाना कोराच राहू शकतो. अशा वेळी तिमाही शेअरधारणेच्या विवरणातली प्रवर्तक गटाची नावं पाहा. तिथे ती सापडली तर नात्याचा भक्कम संकेत मिळतो. आडनाव सारखं म्हणून नातं गृहीत धरू नका. पाटील, शहा, देशपांडे, मेहता यांची एकमेकांशी नाती लावत बसलो तर सगळा महाराष्ट्र आणि गुजरात एकच कुटुंब होईल.

आणि ‘कुटुंबातली’ म्हणजे ‘नावापुरती’ असं समीकरण मांडू नका. पुण्याच्या थरमॅक्सची धुरा 1996 मध्ये पतीच्या निधनानंतर अनु आगा यांनी घेतली, 2004 मध्ये अध्यक्षपद त्यांच्या कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे आलं. मुंबईत सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनचा कारभार सुमती मोरारजी यांनी दशकानुदशकं पाहिला. तुमच्या तक्त्यात या सगळ्याजणी ‘कुटुंबातली’ या रकान्यात जातील. प्रवर्तकांची मुलं वारशाने मंडळावर येतात तेव्हा त्यांना नावापुरतं कुणी म्हणत नाही. मोजायचंच असेल तर कुटुंबातले पुरुषही त्याच स्तंभात मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

बेरीज-भागाकार

एक उदाहरण हाताने करून पाहा. समजा, अ कंपनीत 15 संचालक, 1 महिला. ब कंपनीत 5 संचालक, 2 महिला. सगळ्या खुर्च्या एकत्र केल्या तर 20 पैकी 3, म्हणजे 15 टक्के. प्रत्येक कंपनीची टक्केवारी काढून सरासरी घेतली तर 6.7 आणि 40 ची सरासरी, 23.3 टक्के. दोन्ही बरोबर. पहिला आकडा महिलांना किती जागा मिळाल्या ते सांगतो, दुसरा एका सरासरी कंपनीत काय दिसतं ते. तुम्ही कुठला दिला हे तक्त्याखाली लिहा, आणि दुसऱ्याच्या अभ्यासाशी तुलना करताना त्याने कुठला दिला ते आधी शोधा.

वैविध्याचा ब्लाउ निर्देशांक वापरायचा असेल तर सूत्र सोपं: स्त्री आणि पुरुष यांच्या प्रमाणांचे वर्ग करा, बेरीज करा, ती एकातून वजा करा. दहात दोन महिला असतील तर 0.2 चा वर्ग 0.04, 0.8 चा वर्ग 0.64, उत्तर 0.32. दोन गटांसाठी त्याची कमाल किंमत 0.5. पण या निर्देशांकाला दहात दोन महिला आणि दहात दोन पुरुष यांतला फरक कळत नाही. एरवी शून्य-एक-दोन-तीन ही साधी विभागणीच जास्त बोलते.

भरून झाल्यावर दहा टक्के कंपन्या दुसऱ्या कुणाकडून, तुमचा तक्ता न दाखवता, परत भरून घ्या. डिन आणि तारखांत फरक निघाला तर तो टंकनाचा असतो. नात्याच्या स्तंभात फरक निघाला तर तुमचे निकष धूसर आहेत, ते दुरुस्त करून तो स्तंभ सगळ्या कंपन्यांसाठी पुन्हा भरा.

परदेशाशी तुलना

नॉर्वेने 2003 मध्ये पब्लिक लिमिटेड कंपन्यांसाठी सुमारे 40 टक्क्यांचा कायदा केला आणि 2008 पासून तो पूर्णपणे लागू झाला. न पाळणाऱ्या कंपनीला विसर्जित करण्यापर्यंतची तरतूद त्यात होती. जर्मनीची 2016 पासूनची 30 टक्क्यांची अट देखरेख मंडळाला लागू होते, तिथे कार्यकारी अधिकारी वेगळ्या मंडळावर बसतात. आपल्याकडे दोन्ही प्रकारचे संचालक एकाच मंडळावर. युरोपीय संघाच्या 2022 च्या निर्देशात 30 जून 2026 पर्यंत गैर-कार्यकारी जागांपैकी 40 टक्के किंवा सगळ्या जागांपैकी 33 टक्के, असे दोन पर्याय आहेत. भारताचा आकडा यांच्या शेजारी ठेवायचा तर आपल्याकडचे कार्यकारी संचालक बाजूला काढून गैर-कार्यकारी जागांचं प्रमाण वेगळं काढा. आणखी एक फरक लक्षात ठेवा: तिथे टक्केवारी आहे, आपल्याकडे एक व्यक्ती. मंडळ सहाचं असो की सोळाचं, आपली अट एकीवरच थांबते.

नफ्याशी जोडण्याआधी

‘महिला जास्त तिथे नफा जास्त’ हे वाक्य लिहिण्याची घाई करू नका, त्याच्या उलटं वाक्य लिहिण्याचीही. मोठ्या, जुन्या, नीट चाललेल्या कंपन्यांना अनुभवी महिला संचालक मिळवणं सोपं जातं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे नुसत्या आकड्यांवरून कळत नाही. कायद्याआधी एकही महिला नसलेल्या आणि आधीपासून असलेल्या कंपन्यांची आधीची-नंतरची तुलना केली तर थोडं पुढे जाता येतं, पण त्याला संख्याशास्त्राचं मार्गदर्शन घ्या. शिवाय प्रतिनिधित्वाची बाजू नफ्यावर टांगण्याची गरजही नाही. पुरुष संचालकांनी नफा वाढवून दाखवावा मग बसावं, अशी अट कुणी घातलेली नाही.

फाइल दुसऱ्यांना देताना

जन्मतारीख, पत्ता, पॅन यांसारखे खासगी तपशील काही जुन्या फायलींमध्ये दिसतात. ते आपल्या तक्त्यात उतरवूच नका, चुकून उतरले असतील तर फाइल देण्याआधी ते स्तंभ काढून टाका. डिन, नाव, पद आणि तारखा सार्वजनिक आहेत, त्या राहू द्या. मूळ पीडीएफ मात्र कंपनीचा अनुक्रमांक आणि तारीख असं नाव देऊन जपून ठेवा, कारण संकेतस्थळांवरचे दुवे बदलतात आणि कंपन्या सुधारित फायलिंगही करतात. सुधारित प्रत आली तर जुनी पुसू नका, तिच्या नावापुढे ‘मूळ’ लिहा आणि दोन्ही ठेवा. प्रत्येक तक्त्याच्या खाली एक ओळ असू द्या: कुठल्या तारखेची यादी, किती कंपन्या, त्यांतल्या किती कंपन्यांची माहिती मिळाली नाही, खुर्च्या मोजल्या की माणसं.